आठ किलो चारशे ग्रॅमचा कोर्स

मी एकदा कॉम्प्युटरचा कोर्स काट्यावर तोलून घेतला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझ्या नातवंडांनी ही गोष्ट नकला करकरून अर्ध्या भंडाऱ्याला सांगितली आहे, उरलेल्या अर्ध्याला माझ्या तोंडून कळू दे. तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते. म्हणजे तशी कोवळीच. गुडघे शाबूत होते, केस काळे करायची, आणि कोणतीही वस्तू हातावर झेलली की तिची लायकी मला कळते असा पक्का समज होता. ती बाई आज मला भेटली तर मी तिला खुर्ची देईन, चहा पाजीन, पण काट्याजवळ फिरकू देणार नाही.

आमचं भंडाऱ्याच्या बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं: पाण्याचे गुंड, भाताचे मोठे गंज, पराती. आमचे हे गेले तेव्हापासून गादीवर मी. या धंद्यात सगळं वजनावर चालतं. गिऱ्हाईक गुंड उचलतं, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून नाद ऐकतं आणि म्हणतं, "चढवा जी काट्यावर." हलका निघाला की तोंड वाकडं. भारी निघाला की पोरीचा बापही खूश आणि मायही खूश. चाळीस वर्षं हेच पाहत आले. जड ते चांगलं, हलकं ते फसवं, हे माझ्या हाडात बसलं होतं. बाजारातली कोबी, देवळातला नारळ, लग्नाची पत्रिका, सगळं मी आधी हातावर झेलून पाहायची आणि मग त्याबद्दल मत द्यायची.

दुकानात कामाला दोन माणसं. काउंटरवर बाई. ही कारध्याची, चाळिशीची, काडीसारखी बारीक, रोज स्कूटीनं पूल ओलांडून यायची. आणि काट्यावर भाऊ. ते बाईच्या पंधरा वर्षं आधीपासून आमच्याकडे आहेत. काटा म्हणजे त्यांचं देवघर. सकाळी आल्याबरोबर त्याला ओल्या फडक्यानं पुसतील, मग कोरड्या, मग चष्मा काढून शून्य नीट आलं का ते वाकून पाहतील. बोलणं मात्र मोजकं. जणू शब्दही त्यांना तोलून द्यावे लागतात.

आता ज्यामुळे कोर्सची पाळी आली ती भानगड सांगते.

आमच्याकडे पोरीला लग्नात पितळेची भांडी आंदण देतात आणि त्यावर तिचं नाव कोरून घेतात. नाव, गाव, तारीख. लग्नसराईच्या दिवसांत आमच्याकडे अशा कितीतरी ऑर्डरी एकाच वेळी असतात. बाई चिठ्ठीवर नाव लिहायची, चिठ्ठी गुंडात टाकायची. भाऊ तोलायचे. मग बाहेर ओट्यावर बसलेला कोरणारा चिठ्ठी वाचून नाव कोरायचा. सगळं सरळ.

त्या वर्षी लाखांदूरच्या एका लग्नाची भांडी आणि कारध्याच्या एका लग्नाची भांडी एकाच दिवशी तयार झाली. आठवड्यानं लाखांदूरहून मांडवातूनच फोन आला. आंदण मांडल्यावर नवरदेवाच्या मावशीनं गुंडावरचं नाव मोठ्यांदा वाचलं होतं. ते नवरीचं नव्हतंच! मावशी म्हणाली, "ही कोण जी दुसरी?" झालं. नवरदेव बिचारा बाशिंग बांधून चार लोकांत शपथा घेऊन राहिला होता की या नावाची कोणतीही पोरगी आपण आयुष्यात पाहिली नाही. नवरी ऐकून घेत नव्हती. आणि ती दुसरी पोरगी, तिचं त्याच मुहूर्तावर इकडे कारध्याला लग्न लागत होतं, तिच्या गुंडांवर लाखांदूरकरणीचं नाव! आमची बाई त्या कारध्याच्या लग्नात पंगतीत बसली होती. पानावर जिलेबी, आणि समोर तिच्याच दुकानातून गेलेला गुंड. त्या दिवशी ती जेवली नाही, असं मला खूप नंतर कळलं.

दोन्ही लग्नं नीट लागली. भांडी परत आणून, घासून, नव्यानं नावं कोरून दिली. पण माझा मुलगा तापला. तो माझ्यासोबत दुकान पाहतो, आणि त्याला दर दोन महिन्यांनी काहीतरी नवीन करायची हुक्की येते.

"आई, चिठ्ठ्या बाईच्या हातच्या. चूक बाईची," तो म्हणाला. "नागपूरची एक कंपनी आहे. सगळं तयार बसवून देते. ऑर्डर कॉम्प्युटरमध्ये. मग काउंटरवर मी एकटा पुरतो."

"आणि बाई?"

"बाईले दुसरीकडे पाहायले सांगू."

बाई तिथेच उभी राहून परात पुसत होती. तिनं मान वर केली नाही. पण परातीची एकच जागा ती इतका वेळ पुसत राहिली की मला वाटलं आता तिथून पलीकडचं दिसेल.

मला एकदम जोर चढला. मी म्हटलं, "कंपनी-बिंपनी काही नाही. आपली माणसं शिकतील. आपला प्रोग्राम आपणच करू."

मुलगा हसला. "प्रोग्राम? भाऊ करतील प्रोग्राम?"

भाऊंनी काट्यावरून मान वर केली आणि म्हणाले, "कायचा प्रोग्राम? सत्यनारायणाचा?"

"तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ देतो," मुलगा म्हणाला. "सराई तिथूनच सुरू होते. तोवर जमलं तं बाई राहीन. नाही जमलं तं नागपूरवाले येतील."

म्हणजे बाईची अकरा वर्षांची नोकरी आता एका कोर्सवर आली. आणि तो कोर्स निवडणार कोण? तर मी. जिला मोबाइलवर शुभ सकाळ पाठवायची असली की नातीला हाक मारावी लागते ती.

मी सगळ्यांना सांगून ठेवलं, कर्मचाऱ्यांना प्रोग्रामिंग शिकवायचं आहे, कोणी असेल तर पाठवा. तिघं मिळाले, आणि मी तिघांनाही एकाच दुपारी बोलावलं. मुलीला पाहायला येतात तसं. पोहे केले होते.

पहिले सर आले ते हमालासोबत. दोन खोकी. एकात पुस्तकं, दुसऱ्यातही पुस्तकं. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची. मला ती पाहताक्षणीच आवडली. सरांचं पोटही भरदार होतं, तेही मला विश्वासाचं वाटलं.

दुसरा आला तो हात हलवत. पुस्तक नाही, वही नाही. म्हणाला, "मॅडम, सगळं ॲपमध्ये आहे." मी म्हटलं, "दाखव." त्यानं मोबाइल दिला. मी तो काट्यावर ठेवला. तो पोहे सोडून धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, फोन माझा आहे, कोर्स आत आहे!" मी म्हटलं, "म्हणजे फोन वजा केला तर कोर्स किती उरतो?" त्यानं फोन उचलून खिशात घातला. मला वाटलं, धरला!

तिसरी एक मॅडम होती. सुती साडी, पाठीवर पिशवी. तिनं फक्त एक पातळ पुस्तिका पुढे केली. सोळा पानांची. मी ती हातावर झेलली आणि मला हसू आलं. काट्यावर ठेवली तर साठ ग्रॅम. एवढ्या वजनात तर आमच्याकडे आरतीची घंटाही येत नाही.

"एवढंच?" मी विचारलं.

"सुरुवात एवढीच आहे," मॅडम म्हणाली. "बाकीचं तुमच्या दुकानात आहे."

मला वाटलं, आली मोठी! पैसे देऊन हिला बोलवायचं आणि हिचा माल आमच्या दुकानात! मी तिला आणखी पोहे वाढले. नकार द्यायचा असला की आमच्याकडे जास्त वाढतात.

मग सरांची दोन्ही खोकी चढवली. भाऊंनी शून्य पाहिलं, चष्मा काढला, वाकले आणि आकडा मोठ्यानं वाचला, "आठ किलो चारशे." माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. मी म्हटलं, "हा घेतला!"

बाई हळूच म्हणाली, "काकूजी, आतमध्ये काय लिहिलं आहे ते तं पाहू द्या."

"बाई, एवढ्या वजनात काहीतरी तर लिहिलं असेलच ना!"

हे वाक्य मी, एका सुशिक्षित बाईनं, भरदिवसा, चार माणसांसमोर म्हटलं. नातवंडं आजही पाहुण्यांसमोर ते पाठ म्हणून दाखवतात.

आणि त्या साठ ग्रॅमच्या पुस्तिकेचं काय केलं? आमच्या काट्याचा एक पाय थोडा आखूड होता, फरशीवर डुगडुगायचा. मी पुस्तिकेची घडी केली आणि त्या पायाखाली सारली. काटा सरळ बसला. भाऊ खूश झाले. म्हणाले, "आता शून्य पक्कं आलं."

दुपारी एक ते तीन बाजार थंड असतो. तेव्हा सर यायचे. बाई आणि भाऊ समोर बसायचे, आणि मी गादीवर बसून परीक्षकासारखी मान डोलवायची. पहिला आठवडा कॉम्प्युटरचा शोध कुणी लावला यात गेला. दुसरा आठवडा तो कसा सुधारत गेला यात. भाऊ ताठ बसून झोपायचे. इतके ताठ की सरांना ते सगळ्यांत लक्ष देणारे विद्यार्थी वाटायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदाचा प्रोग्राम आला. पडद्यावर ताऱ्यांचा त्रिकोण उमटला. एक तारा, खाली दोन, खाली तीन. आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊ जागे झाले आणि म्हणाले, "कळसासारखा दिसून राहिला." चौथ्या आठवड्यात उलटा त्रिकोण आला.

बाई रोज सगळं वहीत उतरवून घ्यायची. एक दिवस तिनं विचारलं, "सर, याच्यात नावं कशी ठेवायची? गुंडावर कोरायची नावं."

सर म्हणाले, "ते पुस्तक सहामध्ये येईल."

आम्ही तेव्हा पुस्तक एकमध्ये होतो. ते पहिलं पुस्तकच दीड किलोचं होतं.

पोळा गेला, गणपती गेले. सर सोनेरी काठाची सर्टिफिकेटं देऊन निघून गेले. भाऊंनी आपलं सर्टिफिकेट चौकटीत बसवून काट्याच्या वर टांगलं. पुस्तक दोनपासून पुढची सगळी पुस्तकं नवीच राहिली. आणि दसऱ्याच्या आसपास पुन्हा दोन ऑर्डरी अदलाबदल होता होता राहिल्या. कोरणाऱ्यालाच शंका आली म्हणून वाचलो. मुलानं फक्त नागपूरला फोन लावला आणि मुद्दाम माझ्यासमोर बोलला. "हो जी, तुळशीच्या लग्नानंतर या."

मी काय करायला हवं होतं? मुलाजवळ कबूल करायला हवं होतं की कोर्स मी चुकीचा निवडला. पण मी काय केलं? "बाईचं डोकं थोडं कमी पडलं वाटते," असं म्हणून मोकळी झाले. मोठ्यानं नाही, पण बाईला ऐकू जाईल इतपत. यावर मला अजूनही हसू येत नाही.

दोन दिवसांनी सकाळी भाऊ ओरडले. भाऊ कधी ओरडत नाहीत, म्हणून आम्ही सगळे धावलो. "काकूजी, काटा नाचून राहिला! शून्यच येऊन नाही राहिलं!"

काट्याखालची पुस्तिका गायब होती.

बाईनं ती आदल्या संध्याकाळी झाडताना काढली होती. रात्री घरी नेऊन वाचली होती. तिनं भाऊंची समजूत घातली, काट्याच्या पायाखाली खर्ड्याचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याचा, तुकडा सारून दिला आणि पुस्तिका माझ्यापुढे उघडून धरली. घडीनं चुरगळलेल्या पहिल्या पानावर दोनच ओळी होत्या. कॉम्प्युटरला हात लावू नका. आधी तुमचं काम, जसं होतं तसं, एक एक पायरी कागदावर लिहा.

"मी लिहिलं," बाई म्हणाली. "पण तुम्हाले दाखवायचं भेव वाटून राहिलं."

"काहून?"

तिनं वहीचं पान उघडलं. मी वाचत गेले. पहिली पायरी, गिऱ्हाईक येते. दुसरी, भांडी पसंत करते. तिसरी, मी चिठ्ठी लिहिते. चौथी, चिठ्ठी गुंडात टाकते. पाचवी, भाऊ गुंड काट्यावर ठेवतात. सहावी, भाऊ चिठ्ठी बाहेर काढतात. सातवी, भाऊ चिठ्ठी खिशात ठेवतात. आठवी, भाऊ तोलतात. नववी, भाऊ चिठ्ठी गुंडात टाकतात. कोणती चिठ्ठी, कोणत्या गुंडात, ते भाऊच्या खिशाले माहीत.

मी भाऊंकडे पाहिलं. "भाऊ, चिठ्ठी काढता कायले?"

भाऊ काट्याला हात लावून शांतपणे म्हणाले, "तुम्हीच तं सांगितलं होतं जी. गिऱ्हाईकाले कागदाचं वजन लावायचं नाही."

आणि मला आठवलं! गादीवर बसले त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. कोणत्या तरी म्हातारीनं विचारलं होतं, "चिठ्ठीसकट तोलता का जी?" मला तो दुकानाचा अपमान वाटला. मी सगळ्यांसमोर फर्मान काढलं, यापुढे चिठ्ठी काढूनच तोलायचं. लोकांनी वाहवा केली. भाऊंनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे इतकी वर्षं बोटभर कागदाचं वजनही कुणाला लावलं नाही. दोन ऑर्डरी एकदम आल्या की त्यांच्या खिशात दोन चिठ्ठ्या. पुढचं सगळं त्या खिशावर.

म्हणजे बाईची चूक नव्हतीच. भाऊंचीही नव्हती. लाखांदूरच्या मांडवातला तो नवरदेव माझ्या प्रामाणिकपणापायी शपथा घेत उभा होता.

आता हे मुलाला सांगायचं होतं. मी आधी चहा घेतला. मग पाणी प्याले. मग परत चहा. शेवटी त्याला हाक मारली आणि वहीचं पान त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "सहावी पायरी माझी आहे. चूक बाईची नाही. आणि डोकं कमी पडलं ते माझं."

तो वाचत गेला. नवव्या पायरीवर आला आणि इतका हसला की कोरणारा ओट्यावरून आत डोकावला. पण हसणं थांबल्यावर म्हणाला, "बरं आहे, पण आई, चूक सापडली म्हणजे प्रोग्राम झाला नाही. वेळ तुळशीच्या लग्नापर्यंतचाच."

मी त्याच दिवशी त्या पातळ कोर्सच्या मॅडमला फोन केला. तिला आठवण होती. म्हणाली, "पोहे फार छान होते." तिनं दुसरं काही बोलून दाखवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

पुढचे पंधरा दिवस मॅडम दुपारी यायची. गादीवर नाही, काउंटरवर बसायची, बाईच्या शेजारी. ती शिकवायची कमी आणि विचारायची जास्त. "यानंतर काय होतं? आणि असं झालं नाही तर?" बाई उत्तर द्यायची आणि तेच उत्तर कॉम्प्युटरला कसं सांगायचं ते मॅडम दाखवायची. चिठ्ठ्या बंद झाल्या. प्रत्येक ऑर्डरीला नंबर पडला, आणि तो नंबर भांडं पसंत होताच कोरणारा त्याच्या बुडाशी कोरायला लागला. आता भाऊंना काढायला काही उरलं नाही. पहिले दोन दिवस ते सवयीनं गुंडात हात घालून पाहायचे, मग रिकामा हात खिशात ठेवायचे.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या सकाळी मुलानं परीक्षा घेतली. कोपऱ्यातून सहा ऑर्डरींची भांडी उचलून आणली, सगळी एकमेकांत मिसळली, आणि एक गुंड उलटा करून बुडाचा नंबर वाचला. बाईनं तो टाकला. पडद्यावर नवरीचं नाव, गाव आणि तारीख आली, आणि खाली एक ओळ. नाव दोनदा वाचलं का जी?

"हे कोणी लिहिलं?" मुलगा म्हणाला.

"मी," बाई म्हणाली. "कोरणारे घाई करतात. 'हो' दाबल्याशिवाय ते पुढे जातच नाही."

दुसरा गुंड बरोबर. परात बरोबर. सहाच्या सहा बरोबर. मग मुलाला खोडी सुचली. तो काउंटरमागे गेला आणि मनाला येईल तो नंबर टाकला. पडद्यावर आलं, असा नंबर आपल्या दुकानात नाही. चष्मा लावा.

भाऊ हसले. मी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले.

मुलानं खिशातून मोबाइल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या नागपूरला कळवलं, येऊ नका. बाईला म्हणाला, "उद्यापासून काउंटर तुझ्याकडे. मी गिऱ्हाईक पाहीन. आणि ते चष्म्याचं काढू नको, राहू दे."

बाई "हो जी" म्हणाली आणि तिनं परात पुसायला घेतली. या वेळी सगळी पुसली.

दुपारी बाजार थंड झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला नीट माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते कुठल्याच पायरीत लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मी तुझ्या डोक्याबद्दल बोलले ते चुकलं. कोर्सही चुकला. वजन पाहून घेतला मी."

तिनं काट्याकडे पाहिलं, वर टांगलेल्या भाऊंच्या सर्टिफिकेटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाली:

"जाऊ द्या जी काकूजी. तुम्ही मले कामावर ठेवलं तवा काट्यावर नाही चढवलं, हेच लई झालं. तसं केलं असतं तं आज माह्या जागी काउंटरवर तो मोठा पितळी गंज बसला असता."